बाकीच्या रविवारांचा खेळ

३ डिसेंबरला तालुक्याच्या गावी जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो. मंडप, हार, लिंबू-चमचा, तीनचाकीची शर्यत, भाग घेतलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र. मग माणसं घरी जातात ती पुढच्या ३ डिसेंबरलाच बाहेर दिसतात. त्या एका दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहितोय ते बाकीच्या रविवारांबद्दल. आमचा, दिव्यांगांचा, खेळ रविवारी सकाळी असतो आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं दुकानावर येऊन विचारतात, आमच्याकडे सुरू कसं करायचं?

माझं जळगाव जिल्ह्यात चोपड्याला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. डावा पाय लहानपणी पोलिओत गेला, कॅलिपरवर उभा राहतो. तालुक्यातल्या तीनचाकी आणि व्हीलचेअर पंक्चरला, बेअरिंगला माझ्याकडे येतात. गाडी येते, पण मालक येत नाही. भाऊ नाहीतर पुतण्या ढकलत आणतो. मालक कुठे म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "घरीच शे. तो कथा जाई?" म्हणजे घरीच आहे, तो कुठे जाणार? मला खेळाडू सापडले ते असेच. तुमचं सायकलचं दुकान नसेल तर आशाताईला विचारा, कोणत्या घरात कोण बसून आहे हे तिला तोंडपाठ असतं. निरोप घरच्यांकडे देऊ नका, स्वतः जाऊन त्या माणसाला विचारा. घरचे "त्याला जमणार नाही" म्हणून मोकळे होतात, आणि ते प्रेमानेच म्हणतात.

चेंडू आणण्याआधी एक फळा आणा. गुण लिहायचे, आणि हरला त्याला हरला म्हणायचं. गावातली चांगली माणसं नेमका इथेच घोळ घालतात. चेंडू कुठेही गेला तरी टाळ्या वाजवतात, सगळ्यांना पहिला नंबर देतात. चाळिशीच्या माणसाला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि पुढच्या रविवारी त्याचं पोट दुखायला लागतं. नियम सोपा करायचा असेल तर खेळ सुरू होण्याआधी करा, दोन्ही बाजूंना सांगून करा. सुरू झाल्यावर दया नको. आमच्याकडे मोजपट्टीची ओढाओढ होते, "तुन्हा लांब शे" म्हणून आवाज चढतात, एक जिभाऊ तर दोन रविवार रुसून आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर.

आता जागा. काळ्या मातीचं मैदान नकोच. पावसात चाक रुततं, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि व्हीलचेअरचं पुढचं बारीक चाक त्यात अडकून माणूस तोंडावर येतो. मुरमाचं दाबलेलं पटांगण चालेल, फरशी किंवा काँक्रीट उत्तम. आपल्याकडे जिनिंगची आवारं आहेत. हंगामात ती कापसाने भरलेली असतात, पण हंगाम सरला की एवढं मोठं सपाट काँक्रीट रिकामं पडून राहतं. मालकाला नीट विचारलं तर रविवारी दोन तास कोणी नाही म्हणत नाही. पावसाळ्यात शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर.

खेळाआधी झाडू मारायचाच, कारण सराटे. ट्यूब फुटली तर मी आहे. पण ज्याच्या पायाला संवेदनाच नाही, त्याच्या तळव्यात सराटा घुसला तर त्याला पत्ताही लागत नाही. जखम चिघळल्यावर घरच्यांना वास येतो. म्हणून खेळ संपल्यावर पाय, ढोपरं, बैठकीची जागा बघून घ्यायची सवय लावा. लाल डाग दाबल्यावरही फिका होत नसेल तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. खेळाच्या नादात हे राहून जातं, म्हणून गुण लिहिणाऱ्यालाच आठवण करायला सांगा.

संडास बघितल्याशिवाय जागा पक्की करू नका. संडास नसेल तर बाया येत नाहीत आणि पुरुष पाणी पिणं बंद करतात, दुसरं जास्त धोक्याचं. दार ९० सेंटीमीटर रुंद हवं. पायरी असेल तर उतार करा, पण बैलगाडी चढवायला करतात तसा नको. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे माप आहे. गवंडी चार फुटांत उरकायला बघतो. त्याला खुर्चीत बसवून एकदा स्वतःच्या हाताने चढायला लावा, वाद मिटतो.

वेळ सकाळी सात ते नऊ, होळीनंतर सहा ते आठ. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो हे तुम्हाला सांगायला नको. पण मणक्याला मार लागलेल्या माणसाला दुखापतीच्या खाली घाम येत नाही हे पुष्कळांना माहीत नसतं. त्याचं अंग तापत जातं आणि थंड व्हायला मार्ग नसतो. मानेवर ओला गमछा आणि तोंडावर-हातांवर पाण्याचा फवारा लागतो. फवाऱ्याला न्हाव्याकडे असते तसली बाटली घ्या. कपाशीवर औषध मारायचा पंप कितीही धुतला असला तरी आणू नका.

सुरुवात कशाने करावी? माझं मत बोचियाने. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणजे खास आमच्यासारख्यांचा खेळ. हाताला कंप असलेला, नुसतं डोकं हलवू शकणारा, बहिरा, सत्तरीचा लकवा झालेला, सगळे एका पट्टीत बसतात. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळ ज्याचे चेंडू, त्याचे गुण.

बाजारातला संच महाग पडतो. आम्ही घरी करतो. अधिकृत चेंडू २७५ ग्रॅमचा, घेर २७० मिलिमीटर, म्हणजे व्यास साधारण साडेआठ सेंटीमीटर. जुना जाड मोजा घ्या, त्यात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, भरा. दादर गच्च ठासली की एवढ्या आकारात वजन जवळपास आपोआप जमतं, कमी पडलं तर मूठभर चाळलेली रेती. किराणा दुकानाच्या काट्यावर प्रत्येक चेंडू तोलून घ्या, बारा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे चालेल. तोंड शिवा, उरलेला मोजा उलटवून परत त्यावर चढवा, परत शिवा. वरून रेक्झिनचा अंगरखा करायचा असेल तर मोटारसायकलच्या सीट शिवणाऱ्याकडे कात्रणं मिळतात, लाल-निळी हवी तेवढी. दादरीला एक खोट आहे. पावसाळ्यात सोंडे पडतात, चेंडू ओला राहिला तर कोंबही फुटतो, आणि उंदीर तर वर्षभर आहेतच. पिशवी खुंटीला टांगा. आम्ही पुढे प्लास्टिकचा दाणा भरायला लागलो. आपल्या जिल्ह्यात ठिबकच्या पाइपांमुळे तो सहज मिळतो. तो हलका असतो, त्यामुळे रेती जास्त लागते.

मैदान साडेबारा मीटर लांब, सहा मीटर रुंद. फक्कीने आखा, काँक्रीट असेल तर खडू. एका टोकाला अडीच मीटर खोलीचे, एक-एक मीटर रुंदीचे सहा चौकोन. खेळाडू त्यात बसतो, चाक रेषेबाहेर जाऊ द्यायचं नाही. समोर दहा मीटर खेळायची जागा. फेकायच्या रेषेपुढे व्ही आकाराची एक रेघ असते, मध्ये दीड मीटरवर आणि कडेला तीन मीटरवर. पांढरा चेंडू तिच्या पलीकडे जायला हवा, नाहीतर फेकण्याची पाळी समोरच्याला. लाल बाजू आधी पांढरा टाकते, मग आपला एक लाल. मग निळा. यापुढचा नियम नीट समजावा, खेळाची सगळी मजा त्यात आहे: ज्याचा चेंडू पांढऱ्यापासून लांब, तोच फेकत राहायचं, जवळ जाईपर्यंत किंवा त्याचे चेंडू संपेपर्यंत. त्यामुळे पहिलाच चेंडू पांढऱ्याला चिकटला की समोरच्याचे सहाही संपून जातात आणि पहिल्याकडे पाच शिल्लक. पांढऱ्याला धक्का मारून हलवणं नियमात आहे. तो मैदानाबाहेर गेला तर मधल्या फुलीवर ठेवतात. सगळे तेरा पडल्यावर मोजायचं: हरलेल्याच्या सगळ्यात जवळच्या चेंडूपेक्षा जिंकलेल्याचे जेवढे चेंडू जवळ, तेवढे गुण. एकेरीत असे चार डाव. डोळ्याने ठरवू नका, टेप लावा.

हाताने फेकता येत नसेल तर पायाने, तेही होत नसेल तर घसरगुंडी. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरा. साडेआठ सेंटीमीटरचा चेंडू त्या पन्हाळीत असा बसतो की मापाने बनवल्यासारखा. लांबी सव्वा मीटर पुरते. कडा पॉलिश पेपरने घासा, बोटं कापतात. खालचं टोक कानशीने पातळ करा, नाहीतर चेंडू जमिनीवर उतरताना उडी मारतो आणि दिशा सोडतो. वरचं टोक टेकवायला लाकडी घोडी, तिला दोन-तीन उंचीवर खाचा. पाइपवर रंगाने खुणा करा, मग खेळाडूला अंदाज येतो की कुठल्या खुणेवरून सोडला की किती लांब जातो. डोक्याला पट्ट्याने बांधलेल्या काडीनेही चेंडू सोडता येतो, मोठ्या स्पर्धांतही तसं चालतं. मदतनीस पन्हाळ हलवतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं आणि मागे वळून बघायचं नाही. "डावीकडे, अजून, बस" हे खेळाडूने सांगायचं. बोलता येत नसेल तर डोळ्यांनी किंवा पाटीवर बोट ठेवून. आयांना ही पाठ फिरवून बसण्याची शिक्षा सगळ्यात कठीण जाते. एक माय मान वळवायची म्हणून तिच्या पोराने स्वतःच तक्रार केली, आणि आम्ही समोरच्याला गुण दिला. पोरगा खूश, माय दोन मिनिटं गप्प.

माझा स्वतःचा जीव सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये. १९५६ च्या सुमारास हॉलंडमध्ये जुळून आलेला खेळ, मैदान दहा बाय सहा मीटर, जाळी पुरुषांना १.१५ मीटरवर आणि बायांना १.०५ वर. एका बाजूला सहा जण. पोलिओवाले, पाय कापलेले यांच्यासाठी हा राजा खेळ. कॅलिपर आणि जयपूर फूट काढून बाजूला ठेवायचे, हातांवर सरकायचं. कळीचा नियम एकच: चेंडू मारताना बुडापासून खांद्यापर्यंत अंगाचा काही भाग जमिनीला टेकलेलाच हवा. उचललं की फाउल. इथे सर्व्हिस अडवताही येते, उभ्या व्हॉलीबॉलमध्ये ती येत नाही. नवख्यांना पहिले काही रविवार हवेचा मोठा प्लास्टिकचा चेंडू द्या. तो सावकाश येतो, सरकायला वेळ मिळतो. खाली धान्य वाळवायची ताडपत्री घट्ट ताणून बांधा, सैल राहिली तर सुरकुत्या मांड्यांना घासतात. जाड पँट घाला. मणक्याच्या दुखापतीने संवेदना गेलेल्यांना मात्र मी या खेळात घेत नाही, सरकताना कातडी सोलते आणि त्यांना कळत नाही. धडधाकट भाऊ-पुतण्यांनाही बसवा. त्यांना वाटतं सोपं आहे. पाच मिनिटांत घामाघूम होतात आणि फळ्यावर त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघून गावात सांगत नाहीत.

अंधांचं क्रिकेट पोरं आपोआप करतात, फक्त चेंडू वाजता हवा. कडक प्लास्टिकच्या पोकळ चेंडूला गरम सुरीने चीर पाडा, सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाका, चीर परत वितळवून बंद करा. खऱ्या सामन्याच्या चेंडूतही छर्रेच असतात. घाई असेल तर साध्या चेंडूला कुरकुरीत प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. गोलंदाजी खालून, सरपटी, आणि अर्ध्या खेळपट्टीच्या आत टप्पा पडलाच पाहिजे. गोलंदाज "रेडी?" विचारतो, फलंदाज "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून चेंडू सुटतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट. स्टंप लोखंडी करा, आवाज येतो. प्रेक्षकांना गप्प बसवा, हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे क्रिकेट म्हटलं की प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतो. मैदानात बोलायचं ते फक्त क्षेत्ररक्षकाने, "आठे, आठे!", म्हणजे इकडे, इकडे.

बुद्धिबळ आणि कॅरम यांचं थोडक्यात. अंधांच्या पटावर काळी घरं थोडी उंच असतात, प्रत्येक घराला भोक, सोंगट्यांना खाली खुंटी, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोक. सुताराला दाखवलं की तो करतो. कॅरमला बोटांत जोर नसेल तर स्ट्रायकर ढकलायला रबराचं टोक लावलेली काडी द्या, दोघांनाही तीच.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका मात्र थोडा सविस्तर सांगतो. आपल्याकडे आखाजी म्हणजे माहेरपण, निंबाला झोका, गौराईची गाणी. आणि ज्या पोरीला नीट बसता येत नाही, ती खाटेवरून दुसऱ्यांचा झोका बघते. माझ्या भाचीसाठी आम्ही केला तो असा. भंगारातून जीपचं सीट आणलं, पाठ आणि डोक्याची टेकण दोन्ही असलेलं. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, उन्हात पडून ती ठिसूळ होते आणि कधी तडकेल सांगता येत नाही. सीटखाली लोखंडी चौकट, चारही कोपऱ्यांना दोर, म्हणजे झोका गरगरत नाही. आधी कमरेचा पट्टा, मग छातीचा. नुसता छातीचा लावला तर पोर खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो. दोन मांड्यांच्या मध्ये कापडाची गुंडाळी शिवून टाका, घसरण थांबते. सीटची उंची घरातल्या खुर्चीएवढी ठेवा, उचलून बसवणाऱ्या मायची कंबर वाचते. फांदीला आधी दोन मोठी माणसं लोंबकळून बघा. झोका समोरून द्यायचा, पाठीमागून नाही: तिला देणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, आणि तिच्या चेहऱ्यावरून थांबायचं कधी ते आपल्याला कळलं पाहिजे. उन्हं उतरल्यावर. फिट येणाऱ्या मुलाला आधी डॉक्टरांना विचारून. गौराईची गाणी म्हणणाऱ्या पोरींना लांब उभं करू नका.

आता ज्यात चूक चालत नाही ते. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मणका मोडलेल्या माणसाचं खेळताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला, तर ऊन लागलं म्हणून त्याला झोपवू नका. सरळ बसवून ठेवा, पट्टे-बूट सैल करा, लघवीची नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं. उतरलं नाही तर लगेच दवाखाना, कारण रक्तदाब जीवघेणा चढतो.

डाउन सिंड्रोमच्या मुलांना कोलांट्या उड्या, डोक्यावर उभं राहणं, मानेला झटका बसेल असं काही डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय करू देऊ नका. काहींच्या मानेचे पहिले दोन मणके सैल असतात.

आणि सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. चोपड्याच्या वरच्या अंगाला सातपुड्यात पावरा-भिल्ल वस्त्या आहेत, पुढे नंदुरबारकडे तर हा आजार घरोघरी ऐकू येतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले, त्यात सिकलसेल आहे. हे पोरगं दिसायला धडधाकट असतं, म्हणून मास्तर त्याला पळवतात आणि थांबलं की आळशी म्हणतात. त्याला वेळ लावून पळवायचं नाही, दम लागण्याआधी थांबवायचं, तहान लागण्याआधी पाणी द्यायचं. पौषातल्या थंडीत पहाटे नाही, दुपारच्या उन्हात नाही. हातापायात, पाठीत कळ आली तर खेळ तिथेच बंद. बोचियामध्ये असली पोरं फार चलाख निघतात. आमच्या फळ्यावर सध्या सगळ्यात वर एका पावरा पोराचं नाव आहे, आणि जिभाऊंचा रुसवा त्याच्याचवर होता.

पॅरिसला २०२४ मध्ये भारताने पॅरालिम्पिकची २९ पदकं आणली, सांगलीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य. पोरं मोबाइलवर ते बघतात आणि आपलं कधी विचारतात. चांगलं आहे. कोणी खरंच पुढे जाण्यासारखं असेल तर त्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून घ्या आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटा. बाकीच्यांना कार्ड एसटीसाठी लागतंच. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, लांबच्या गावचा माणूस त्यावरच येतो.

पैसे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, आणि २०१६ च्या कायद्याचं कलम ३० खेळांबद्दलच आहे. दोन्ही गोष्टी अर्जात लिहा. हा निधी बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने संपवतात. एका गावात आमच्या एका खेळाडूला त्यातून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. म्हणून मार्चची वाट न बघता दिवाळीच्या आधी अर्ज द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा, पोच घ्या. अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नका, खेळणाऱ्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. साहित्याची यादी नगासकट जोडा: ११० मिलिमीटर पाइप एक, ताडपत्री एक, टेप एक, व्हॉलीबॉल दोन, जाळी एक, फळा एक, फक्कीची गोणी एक, उताराचं सिमेंट वेगळं. यादीत "इतर" असं लिहू नका, ग्रामपंचायतीतले भाऊसाहेब नेमकं तिथेच बोट ठेवून अर्ज परत करतात.